तिसऱ्या गिरकीच्या आधी

गेल्या महिन्यात एका मुलीने मला एक साधा प्रश्न विचारला आणि मी तिला चुकीचं उत्तर दिलं. ठरवून नाही दिलं, घाईत दिलं, विषय संपावा म्हणून तोंडाला आलं ते बोलून मोकळी झाले. पण तेव्हापासून ते उत्तर माझ्या मागे लागलंय. कपडे वाळत घालताना, गाडी चालवताना, रात्री दिवा बंद केल्यावर मध्येच आठवतं आणि पोटात कसंतरी होतं. झालं असं की बावीस वर्षांपूर्वी आम्ही सात जणांनी नाचाचा एक पीस केला होता, पंचेचाळीस मिनिटांचा, त्यात चार मिनिटांचा एक सोलो माझा होता. आता एक तरुण ग्रुप तो पीस परत बसवतोय. ज्यांनी तो मुळात बसवला त्या आमच्या बाई आता नाहीत, म्हणून जे कुणी सापडतील त्या जुन्या लोकांना बोलावलं, त्यात मी. माझा सोलो करणारी मुलगी मी पोचायच्या आधीच तो शिकून बसली होती, जुन्या व्हिडिओवरून, आणि इतका पक्का की बघताना अंगावर काटा आला, कारण मी साफ विसरलेल्या जागाही तिला येत होत्या. संपल्यावर ती धापा टाकत माझ्यापाशी आली आणि म्हणाली, "ताई, तिसऱ्या गिरकीच्या आधी तुम्ही थांबता ना, साधारण एक काउंट, तेव्हा तुमच्या मनात काय असायचं?" मी म्हटलं, "काही नाही गं, श्वास घ्यायचा आणि जायचं." तिने मान डोलावली आणि वहीत लिहून घेतलं. श्वास. ती लिहीत होती, मी बघत होते, आणि मी गप्प बसले.

त्या पीसमध्ये तिथे थांबायचं नव्हतंच.

तिन्ही गिरक्या एका दमात होत्या. बाईंनी ते शंभर वेळा घोटून घेतलं होतं, मध्ये कुठे सांधा दिसता कामा नये म्हणून. पण ज्या संध्याकाळी तो व्हिडिओ झाला त्या संध्याकाळी स्टेजवरच्या काळ्या मॅटचा एक जोड सुटला होता. ज्यांनी मॅटवर नाच केलाय त्यांना हे लगेच कळेल, दोन पट्ट्यांच्या मध्ये टेप लावलेला असतो, घामाने आणि घासण्याने त्याची कड वर येते, आणि अनवाणी पायाच्या अंगठ्याखाली ती कड आली की एका क्षणात सगळं लक्ष त्या अंगठ्यात जातं. पहिल्या गिरकीला माझा अंगठा अडकला. दुसरीला मी वजन टाचेकडे घेतलं, वाईट झाली ती. तिसरीच्या आधी मी थांबले, पाय थोडा पुढे सरकवून जोड कुठे आहे ते चाचपलं, टेपचा चिकटपणा तळव्याला लागला, तेवढी जागा टाळली आणि गेले. तेवढाच तो एक काउंट, तालात एक आकडा मोजण्याएवढा वेळ. प्रेक्षकांना कळलंही नसेल. आणि नेमका त्या संध्याकाळी हॉलच्या मागच्या रांगेत कुणीतरी कॅमेरा स्टँडवर लावून ठेवला होता. एकच अँगल, डाव्या कोपऱ्यात एका गृहस्थांचं डोकं पूर्ण वेळ. आम्ही त्या पीसचे अकरा प्रयोग केले, त्यातला हा एकच उरला. बाकीच्या दहा प्रयोगांत मी थांबले नव्हते, पण त्या दहांचा साक्षीदार आता मीच, आणि मला विचारलं तर मी म्हटलं श्वास घ्यायचा.

तेव्हा का नाही सांगितलं याचा मी बराच विचार केलाय. थोडी लाज होती हे खरं. इतक्या मन लावून तिने जे शिकलं, आरशासमोर जो थांबा इतक्यांदा केला, तो म्हणजे सुटलेला टेप आहे असं तिच्या तोंडावर कसं सांगायचं. पण त्याहून मोठं कारण हे की तिच्या अंगावर तो थांबा सुंदर दिसत होता. ती थांबते तेव्हा खोलीतली हवा थांबल्यासारखी वाटते, माझ्या कुठल्याच गिरकीत तसं कधी झालं नसणार. चुकीतून आलेली गोष्ट दुसऱ्याच्या अंगात जाऊन खरी झाली होती आणि मला ती मोडवेना.

मला तेव्हा जपानी नर्तक काझुओ ओनो आठवले. १९२९ मध्ये, विशीत असताना, त्यांनी तोक्योत एका स्पॅनिश नर्तकीला पाहिलं, ला आर्हेंतिना म्हणायचे तिला. थिएटरच्या वरच्या स्वस्तातल्या जागेवरून पाहिलं, लांबून. मग मध्ये युद्ध, सैन्यातली वर्षं, कैद, शाळेत मुलांना शिकवणं, सगळं आयुष्य गेलं, आणि १९७७ मध्ये वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी ते स्त्रीवेश करून स्टेजवर आले आणि त्या आठवणीला नाचले. जवळजवळ पन्नास वर्षं एक संध्याकाळ अंगात सांभाळून ठेवली होती त्यांनी. तिच्या स्टेप तशाच्या तशा त्यांना येत होत्या का, हा प्रश्नच तिथे उद्भवत नाही. आणि याचं पुढचं टोक असं की ओनोंच्या पश्चात, २०१३ मध्ये, ताकाओ कावागुची नावाच्या नर्तकाने, ज्याने ओनोंना प्रत्यक्ष स्टेजवर कधी पाहिलंच नव्हतं, त्यांच्या जुन्या प्रयोगांचे व्हिडिओ लावून प्रत्येक हालचाल जशी दिसते तशी उचलली. थरथर सुद्धा. तोल जाणं सुद्धा. म्हातारपणामुळे काय झालं आणि ठरवून काय केलं हे न निवडता सगळं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला जरा विचित्रच वाटलं होतं, जिवंत माणसाची नक्कल कागद ठेवून गिरवल्यासारखी. आता त्या मुलीला बघितल्यावर वाटतं की पडद्यासमोर बसून एखाद्याची थरथर शिकायची म्हणजे त्या माणसावर किती माया पाहिजे.

घरी येऊन मी जुनी वही शोधली. माळ्यावर होती, पुठ्ठा सुटलेला, आत घामाचे डाग की पाण्याचे ते आता कळत नाही. त्यात माझा सोलो मी स्वतःच्या भाषेत लिहून ठेवलाय. "१-२ दार. ३ मांजर. ४ बाईंचा हात. ५ नाही (!!). ६-७ आजी. ८ खाली, उशीर कर." हे वाचून जगात दुसऱ्या कुणालाही ते नाचता येणार नाही. नाच लिहून ठेवायच्या पद्धती आहेत, रुडॉल्फ लाबान या नृत्यकारांनी १९२८ मध्ये मांडलेली लिपी आजही वापरतात, खालून वर वाचायची, उभ्या पट्ट्या, कुठला अवयव, कुठल्या दिशेला, किती वेळ, सगळं त्यात बसतं. आणि ती खूप मोलाची गोष्ट आहे, जर्मन नृत्यकार कुर्त योस यांचं युद्धावरचं १९३२ चं नृत्य आज जगभर करता येतं त्यात त्या लिपीचा मोठा वाटा आहे. पण आमच्यासारखे बहुतेक लोक ती लिपी शिकत नाहीत, तालमीत जमिनीवर बसून, पाणी पिता पिता, जे सुचेल ते खरडतात. मांजर म्हणजे काय ते मला अजून आठवतं, पाठीचा कणा एकेक मणका करून उचलायचा. "नाही" म्हणजे मान. पण पाचव्या काउंटला दोन उद्गारचिन्हं का आहेत ते कितीही डोकं खाजवलं तरी आठवेना. मग मी उठून उभी राहिले, एकपासून सुरू केलं, आणि पाचला मान इतक्या जोरात फिरली की मानेत कट् झालं. ते होतं. माझ्या डोक्याला माहीत नव्हतं, मानेला माहीत होतं.

आजीबद्दल मात्र लिहायलाच हवं.

सहा-सातला दोन्ही हात वर जाऊन एक लाट खाली येते. व्हिडिओत ती अस्पष्ट दिसते आणि त्या मुलीने ती अगदी रेशमी केलीय, बोटांपर्यंत. ती लाट म्हणजे माझी आजी चादर झटकायची ती. दोन कोपरे धरून एकदम वर, मग मनगटाला एक झटका, आणि चादर हवेत भरून खाली येईपर्यंत आजी हनुवटी किंचित वर करून वाट बघायची. बाईंनी एका तालमीत आम्हाला सांगितलं होतं की घरातल्या एका माणसाचे हात करून दाखवा. मी आजी केली. बाई काही बोलल्या नाहीत, दुसऱ्या दिवशी म्हणाल्या ते सहा-सातला घे. त्या पीसमधल्या निम्म्या तरी गोष्टी अशाच आमच्या अंगांतून आल्या होत्या, कुणाच्या वडिलांची चष्मा पुसायची लकब, कुणाचं लहानपणी जिन्यावरून पडणं. पत्रिकेत नृत्यरचना म्हणून एकच नाव होतं. तेव्हा मला ते लागलं होतं, खूप लागलं होतं, आणि मी कधी बोलले नाही, आणि आज बाई नसताना बोलणं बरोबर आहे का माहीत नाही, पण लागलं होतं हे खरं आहे. त्याच वेळी हेही खरं की आजीचा झटका सहा-सातलाच पाहिजे, मांजरीच्या नंतर आणि पडण्याच्या आधी, हे बाईंनाच दिसलं, मला मेले तरी दिसलं नसतं.

जर्मन नृत्यकार पिना बाउश असंच करायच्या, नर्तकांना प्रश्न विचारायच्या, शेकड्यांनी, आणि त्यांची उत्तरं, बोलून, नाचून, गाऊन, जी येतील त्यातून निवडून रचना व्हायची. म्हणजे ज्याला आपण त्यांची कलाकृती म्हणतो त्यात माणसांची बालपणं आहेत, प्रेमभंग आहेत. मग तो माणूस ग्रुप सोडून गेला की त्याच्या आठवणी दुसऱ्याने करायच्या. त्यांचा 'कॉन्टाक्टहोफ' १९७८ मधला, तो २००० मध्ये त्यांनी पासष्टच्या वरच्या साध्या लोकांबरोबर बसवला आणि २००८ मध्ये शाळकरी वयाच्या मुलांबरोबर. हे मला आधी पचलं नव्हतं, एका माणसाच्या लाजण्याची जागा दुसऱ्याने कशी भरायची. मग २०२४ मध्ये मूळ संचातले काही जण, आता सत्तरीच्या-ऐंशीच्या घरातले, त्याच रचनेत परत उभे राहिले, मेरिल टँकार्ड यांनी ते बसवलं, त्या स्वतः १९७८ च्या संचात होत्या. पाठीमागे १९७८ चं जुनं चित्रीकरण चालू, आणि समोर तीच माणसं. जे गेले त्यांच्या जागा रिकाम्या. म्हणजे जोडीने नाचायचं तिथे एकजण हवेला धरून नाचतोय. मी त्याचे थोडेसे तुकडे पाहिलेत आणि तेवढ्यानेही मला दोन दिवस काही सुचत नव्हतं. हात बरोबर त्याच उंचीवर होता जिथे समोरच्याचा खांदा असायचा. म्हणजे तो खांदा अजून आहे, कुणाच्या तरी तळहातात आहे.

तळहातावरून बाईंचा हात आठवतो, वहीतला चार नंबर. बाई बोलून कमी शिकवायच्या. मागून यायच्या आणि दोन खांद्यांच्या मधोमध, पाठीवर, तळहात ठेवायच्या. दाबायच्या नाहीत, नुसता ठेवायच्या. कोरडा, गरम हात. आणि खांदे आपोआप खाली यायचे. त्या म्हणायच्या हा हात माझा नाही, माझ्या गुरूंचा आहे, मी फक्त पोचवते. त्या दिवशी त्या मुलीचे खांदे मांजरीच्या वेळी कानाला लागत होते, मी काही न ठरवता तिच्या मागे गेले आणि तिथेच हात ठेवला. खांदे खाली आले. ती वळून म्हणाली, "हे काय केलंत?" मला बोलता आलं नाही, घसा भरून आला होता. हा हात कुठल्या व्हिडिओत नाही. तो कुठून कुठून आला असेल कुणास ठाऊक.

अमेरिकन नर्तकी इसाडोरा डंकनचा नाच आज जो कुणी करतो तो असाच हातोहात आलेला आहे. त्यांना नाचताना टिपलेलं चित्रीकरण जवळजवळ नाहीच, आहे ते शिष्यांनी शिष्यांना दिलेलं. रशियन नर्तक निजिन्स्कीचं १९१३ मधलं 'द राइट ऑफ स्प्रिंग' हे नृत्य तर जेमतेम आठ-नऊ प्रयोग होऊन बंद पडलं आणि हरवलंच, मग नृत्य-अभ्यासक मिलिसेंट हॉडसन यांनी वर्षानुवर्षं चिकाटीने शोधलं आणि १९८७ मध्ये ते परत उभं राहिलं. त्यांना जे धागे मिळाले त्यातल्या एका धाग्याचं मला फार अप्रूप आहे, मारी रँबर्ट त्या वेळी तरुण होत्या, निजिन्स्कीच्या मदतनीस होत्या, आणि त्यांनी संगीताच्या प्रतीवर समासात टिपणं करून ठेवली होती. बस, समासात. माझ्या मांजर-दार-आजीची चुलत बहीणच ती. आपल्याकडे नृत्यकार चंद्रलेखा २००६ मध्ये गेल्या, तरी त्यांची 'शरीर' ही रचना पुढे कितीतरी वर्षं तिशानी दोशी नाचत राहिल्या, म्हणजे बसवणारी बाई नाही आणि तिने घडवलेला कणा मात्र स्टेजवर श्वास घेत राहिला. आणि अमेरिकन नृत्यकार मर्स कनिंगहॅम यांनी तर हयातीतच ठरवून टाकलं होतं की माझ्या मागे कंपनीने दोन वर्षं दौरा करायचा आणि मग बंद. ते २००९ मध्ये गेले, ३१ डिसेंबर २०११ ला शेवटचा प्रयोग झाला. प्रत्येक रचनेची टिपणं, चित्रफिती, प्रकाशाचे आराखडे सगळं नीट बांधून ठेवलंय. पण आजही कुणाला ती रचना करायची असेल तर तो गठ्ठा पुरत नाही, जुना नर्तक तिथे जाऊन उभा राहतोच. गठ्ठ्यात काय नसतं हे आता मला नेमकं सांगता येतं. का थांबली, ते नसतं.

असं मला वाटत होतं, परवा मैत्रिणीचा फोन येईपर्यंत.

ती त्या सातातली. सोलो संपताना ती डाव्या विंगेतून यायची, मी तिला झेलायची, तिथून पुढे आमचा दोघींचा भाग. आता लांब असते, वर्षा-दोन वर्षांनी बोलतो, पण बोललो की तासभर. तिला मी मोठ्या तोऱ्यात टेपची गोष्ट सांगितली, म्हटलं बघ ना, एका सुटलेल्या टेपचा आता थांबा झालाय. ती जरा वेळ गप्प. मग म्हणाली, "टेप? टेप बिप काही नव्हता गं. तू माझ्यासाठी थांबली होतीस." म्हटलं कशाला? म्हणाली, "माझा गुडघा. सकाळपासून सुजला होता, बांधून उभी होते विंगेत. तू दुसऱ्या गिरकीला माझ्याकडे बघितलंस, मी तयार नव्हते, पट्टी सैल झाली होती. तू थांबलीस. मला तेवढा एक काउंट मिळाला. मी आयुष्यात विसरणार नाही ते." आणि ती रडायला लागली, फोनवर, बावीस वर्षांनी. मला यातलं काहीही आठवत नाही. गुडघा आठवतो, पण तो दुसऱ्या प्रयोगाच्या वेळचा, असं मला वाटतं. ती शपथेवर सांगते की तोच. तिने बावीस वर्षं माझ्याबद्दल एक गोष्ट जपून ठेवलीय, ज्यात मी चांगली आहे, आणि मला ती माहीतच नव्हती.

फोन ठेवल्यावर मी व्हिडिओ लावला. थांबवून, मोठा करून, पुढे-मागे करून पाहिला. त्या जागेला माझं तोंड म्हणजे चार-पाच पांढरे चौकोन आहेत. डावीकडे वळलंय की नाही सांगता येत नाही. पाय तर गृहस्थांच्या डोक्यामागे. व्हिडिओला एवढंच माहीत आहे की मी थांबले.

माझ्या आठवणीवर माझा तसाही फार भरवसा राहिलेला नाही. पहिल्या प्रयोगाला शेवटचा लाइट निळा होता असं मी वर्षानुवर्षं सांगत आले, मला तो निळा अंगावर जाणवतो, थंड, आणि मागे एक फोटो सापडला त्यात ढळढळीत पिवळा. तरी आजही डोळे मिटले की निळाच. नर्तकांच्या आठवणींवर इतिहास लिहायचा म्हणजे हे सगळं पत्करावं लागणार. आम्ही सजवतो, आम्ही दुखणं विसरतो नाहीतर फक्त दुखणंच लक्षात ठेवतो, आम्हाला स्वतःची जागा मध्यभागी आठवते. पण दुसरा उपाय काय आहे? समोरून नाच कसा दिसतो ते लिहिणारे पुष्कळ आहेत. आतून काय असतं ते फक्त आतल्याला. २००४ मध्ये फ्रेंच नृत्यकार जेरोम बेल यांनी पॅरिस ऑपेरातल्या बॅले नर्तकी वेरोनिक द्वानो यांना एकटीला स्टेजवर उभं केलं, निवृत्तीला टेकलेल्या, कधीच मुख्य नायिका न झालेल्या. त्यांनी 'हंस सरोवर' (स्वान लेक) या बॅलेतला समूहाचा भाग करून दाखवला, म्हणजे बऱ्याच वेळा नुसतं उभं राहून दाखवलं, एका पायावर भार, हात जोडून, मागे संगीत चालूच. समूहात बत्तीस जणी असतात तेव्हा ते स्वर्गासारखं दिसतं. एकटी उभी असते तेव्हा कळतं की स्वर्ग उभा करायला कुणाच्या तरी पोटऱ्या दुखतात. हे त्या बाईंनी सांगितलं नसतं तर कुठल्या इतिहासात येणार होतं.

आणि सांगायला माणूसच उरला नाही तर? अमेरिकन नृत्यकार बिल टी जोन्स यांचं १९८९ चं एक नृत्य आहे, पाण्यात झेपावल्यासारखं, सगळे एकमेकांना उचलतात, फेकतात, झेलतात. एड्सने त्यांचा साथीदार आर्नी झेन आदल्या वर्षी गेला होता आणि ग्रुपमधला डेमियन अॅक्वाव्हेला आजारी होता, त्याला पायावर उभं राहता येईना. पहिल्या प्रयोगाला जोन्स यांनी त्याला उचलून स्टेजवर नेलं आणि त्याने आपल्या वाट्याच्या फक्त हातांच्या हालचाली केल्या, पाय जोन्स यांचे. पुढच्या वर्षी तोही गेला. त्या काळात नाचणाऱ्यांची एक अख्खी फळी गेली, तिशीत, चाळिशीत, आणि ज्या वयात माणूस दुसऱ्याच्या पाठीवर हात ठेवायला लागतो ते वय त्यांना मिळालंच नाही. किती हात पोचायचे राहिले. मला हे आठवलं की माझी लाज फार लहान वाटायला लागते. मी आहे, मला विचारलंय, मला बोलता येतंय, आणि मी म्हटलं श्वास घ्यायचा.

त्या रात्री सगळे झोपल्यावर मी बाहेरच्या खोलीत टेबल सरकवलं. दिवा नाही लावला. गुडघे पूर्वीचे नाहीत त्यामुळे मार्किंगच केलं, म्हणजे सगळं अंग न टाकता हाताने खुणा करत, गिरक्या बोटाने हवेत काढत. नर्तक सगळे असंच करतात, बसमध्ये, पलंगावर पडून, बोटं नाचतात आणि बाकीचा माणूस स्थिर. पण तिसरीच्या आधी मी मुद्दाम पाय टाकले. काय होतं ते बघायचं होतं. विचार न करता. एकदा, दोनदा, सात-आठदा. उजवा पाय पुढे सरकला आणि अंगठ्याने गुळगुळीत फरशीवर काहीतरी शोधलं. टेप. मला इतका आनंद झाला, म्हटलं बघ, मी म्हणत होते. आणि तेवढ्यात लक्षात आलं की मान डावीकडे वळलेली आहे. प्रत्येक वेळी. फोनवर ऐकल्यामुळे वळायला लागली की आधीपासून वळत होती, हे मला आता कधीच कळणार नाही. मी अंधारात तशीच उभी राहिले, पाय जोडावर, मान विंगेकडे.

काल परत तालमीला गेले. तिला बाजूला घेऊन सगळं सांगितलं, आधी की मी चुकीचं सांगितलं होतं, मग टेप, मग गुडघा, मग आजी आणि चादर, सगळं एका दमात. ती ऐकत होती, पाणी प्यायची थांबली होती. मला वाटलं हिचा विरस होणार. ती म्हणाली, "मग मी काय करू ताई, थांबू की नको?" म्हटलं मूळ पीसमध्ये थांबा नाही, बाई असत्या तर ओरडल्या असत्या. म्हणाली, "पण त्या दिवशी होता ना?" मी म्हटलं हो. मग ती म्हणाली, मॅटवर तो जोड साधारण कुठे होता ते दाखवा. मी खाली बसले, तळहाताने जागा दाखवली, इथून असा, थोडा तिरका. नवी मॅट, एकसंध, काही नाही तिथे. ती पण बसली, बोटं फिरवली त्यावरून. मग वही काढली, आधीचा शब्द खोडला नाही, त्याच्या पुढे काहीतरी लिहिलं, मी वाचलं नाही, ज्याची त्याची वही असते. "आणि त्या कुठे उभ्या होत्या?" मी डावीकडे हात केला. "तुम्ही जरा तिथे उभ्या राहता?"

गेले. तिने संगीत लावायला सांगितलं आणि सुरुवातीपासून केलं. दार, मांजर, हात. मान. सहा-सातला तिने एक चादर झटकली, खरीखुरी, मनगटाचा झटका सुद्धा, आणि हनुवटी वर करून ती खाली यायची वाट बघितली, माझ्या आजीला न बघता. पहिली गिरकी. दुसरी. मग पाय पुढे सरकला, तिने तोंड डावीकडे केलं आणि सरळ माझ्याकडे पाहिलं, आणि काय झालं कळायच्या आत मी विंगेतून एक पाऊल पुढे आले होते, गुडघा किंचित राखून.